पोहण्याचा वेग कसा वाढत गेला? बाकावरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्यात लालबागच्या तरण तलावावर सकाळच्या बॅचची मुलं पाण्यात उतरली की आम्ही मोठी माणसं कडेच्या बाकावर बसतो. मी शाळा-कॉलेजात शर्यतीत पोहत असे, आता नवशिक्यांना शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत पालक नवे असतात, प्रश्न बहुतेक तेच. ऑलिम्पिकच्या वर्षी तर विचारूच नका. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ज्या ज्या बडोदेकरांची मुलं पाण्यात आहेत, त्यांच्यासाठी.

वेगात खरोखर किती फरक पडलाय?

पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलवरून अंदाज येईल. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशला १ मिनिट २२.२ सेकंद लागले होते. १९२२ मध्ये अमेरिकेच्या जॉनी वाइसमुलरने ५८.६ सेकंदांत अंतर कापलं आणि एका मिनिटाची भिंत पहिल्यांदा पडली. ५० सेकंदांच्या आत यायला १९७६ उजाडलं. माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये जिम माँटगोमेरीने ४९.९९ सेकंद नोंदवले. २०२४ मध्ये पॅरिसला चीनच्या पान झानलेने ४६.४० सेकंदांत शर्यत संपवली.

हायोशवर अन्याय नको म्हणून एक सांगते. तो तलावात पोहला नव्हता. शर्यत उघड्या समुद्रात होती आणि पाणी बर्फासारखं गार होतं, इतकं की त्यानंतरच्या १२०० मीटरच्या शर्यतीला थंडी लागू नये म्हणून त्याने अंगाला चरबी फासली. पायाने रेटा द्यायला भिंतही नव्हती.

तरीही एक हिशेब मी दर बॅचच्या पालकांना करून दाखवते. हायोशचा सरासरी वेग सेकंदाला साधारण १.२२ मीटर, पानचा २.१६ मीटर. म्हणजे पावणेदोन पटीहून किंचित जास्त. पण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला ताकद आठपट लागते. या हिशेबाने हायोशच्याच पद्धतीने हात मारत पानचा वेग गाठायचा, तर ताकद साडेपाच पट हवी. सव्वाशे वर्षांत माणसाच्या अंगात साडेपाच पट ताकद आलेली नाही. मग हा वेग आला कुठून? खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

हल्लीचे पोहणारे उंच आणि धिप्पाड असतात, म्हणून तर नाही?

थोडंफार आहे. लांब हात, मोठे पंजे, उंच शरीर यांचा फायदा होतोच, आणि आता जगभरातून तशी मुलं हेरून या खेळात आणली जातात. सरावही वर्षभर चालतो, आहाराकडे लक्ष असतं. पण वरचा हिशेब एवढ्याने सुटत नाही. तुमचं मूल बुटकं आहे म्हणून बॅचमधून त्याचं नाव काढून घेऊ नका.

पाण्यात आपल्याला अडवतं तरी काय?

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. त्यातून पुढे जाताना तीन गोष्टी अंगाला अडवतात. पहिली म्हणजे समोरून आदळणारं पाणी: अंगाचा जेवढा भाग समोर येईल तेवढा अडथळा. दुसरी, आपणच उठवलेल्या लाटा. तिसरी, कातडीला आणि कपड्याला लागणारं घर्षण, आणि तिघींत ही सहसा सगळ्यांत लहान. गंमत अशी की पालकांचा निम्मा वेळ या लहान गोष्टीवर, म्हणजे कॉस्च्यूम आणि टोपी कुठली घ्यावी यावर खर्च होतो.

माझे आजोबा वाड्याच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले. ते नेहमी म्हणायचे, पाण्याशी मारामारी करू नकोस, ओंडक्यासारखी पड. त्यांनी विज्ञान वाचलं नव्हतं, पण मुद्दा तोच होता. डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं, आणि समोरून येणाऱ्या पाण्याला दुप्पट जागा मिळते. नवीन मुलाचं डोकं नुसतं खाली घालून नजर तळाकडे वळवली की त्याच दिवशी वेग वाढलेला दिसतो. ताकद तीच असते, अडथळा कमी झालेला असतो.

फ्रीस्टाइल कोणी शोधून काढलं?

कोणी एकाने नाही. युरोपात बराच काळ बेडकासारखं पोहणंच, म्हणजे आजचा ब्रेस्टस्ट्रोक, सभ्य समजलं जाई. १८४४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी दोघांनी लंडनच्या तलावात हात पाण्याबाहेरून फिरवत पोहून दाखवलं. वेग डोळ्यांसमोर होता, पण पाण्याचा एवढा धबधबा तिथल्या लोकांना रानटी वाटला आणि विषय तिथेच राहिला. १८७० च्या दशकात जॉन ट्रजन नावाच्या इंग्रजाने दक्षिण अमेरिकेत शिकून आलेली पद्धत लंडनमध्ये दाखवली: हात बाहेरून, पण पाय कात्रीसारखे. पुढे सॉलोमन बेटांवरून सिडनीला आलेला अ‍ॅलिक विकहॅम पाय वरखाली झपझप मारत पोहायचा. तिथल्या कॅव्हिल कुटुंबाने ती पद्धत उचलली, शर्यती जिंकल्या, आणि तिला क्रॉल हे नाव पडलं. आज आपण फ्रीस्टाइल म्हणतो ते हेच. हवाईचा ड्यूक कहानामोकू १९१२ आणि १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर जिंकला, तेव्हा पायांच्या सहा ठेक्यांची किंमत सगळ्या जगाला कळली.

मला या गोष्टीत एक फार महत्त्वाचं वाटतं. प्रशांत महासागराच्या बेटांवरची मुलं जे पिढ्यान्‌पिढ्या करत होती, तेच पुढे आधुनिक तंत्र ठरलं. आपल्याकडेही विहिरीत आणि नदीत पोहणाऱ्यांच्या अंगात कितीतरी ज्ञान होतं. ते लिहून ठेवायला हवं होतं.

पाण्याखाली हात सरळ ओढायचा की वळवत?

बाकावर यावरून वाद होतात, कारण जुने शिकलेले एक सांगतात आणि नवे कोच दुसरं. दोघांमागे इतिहास आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे कोच जेम्स काउन्सिलमन यांनी पाण्याखाली कॅमेरा लावून मोठ्या पोहणाऱ्यांचं चित्रण केलं. मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य. चित्रणात दिसलं की हात सरळ मागे येत नाही, वळणं घेत येतो. त्यावरून विमानाच्या पंखासारखी उचल मिळते असा सिद्धांत मांडला गेला आणि एक पिढी हाताने इंग्रजी ‘एस’ काढायला शिकली. मीही तेच शिकले.

नंतरच्या मोजमापांत कळलं की त्या वळणातला बराच भाग खांदे आणि अंग डावी-उजवीकडे फिरल्याने दिसतो. पुढे ढकलणारा मुख्य जोर पाणी मागे रेटण्यातूनच येतो. म्हणून आता कोपर वर ठेवून पंजा आणि कोपरापर्यंतचा सगळा हात वल्ह्यासारखा उभा करायला सांगतात. माझं मत: लहान मुलाला ‘एस’ वगैरे काही सांगूच नये. ‘कोपर वर, बोटं तळाकडे’ एवढं पुरतं.

बटरफ्लाय वेगळा प्रकार कसा झाला?

नियमातल्या पळवाटेतून. १९३० च्या दशकात काही ब्रेस्टस्ट्रोकवाले हात पाण्यावरून पुढे आणू लागले, कारण नियमात तशी मनाई नव्हती. आयोवा विद्यापीठाचे डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा खेळाडू जॅक सीग यांनी त्याला माशाच्या शेपटीसारख्या पायांची जोड दिली. १९५२ मध्ये दोन्ही प्रकार वेगळे झाले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये बटरफ्लायची स्वतंत्र शर्यत झाली.

पाण्याखालून पोहणं जास्त वेगवान असेल तर सगळी शर्यत तशीच का नाही करत?

करत होते! म्हणून तर नियम आला. पृष्ठभागावर आपण लाटा उठवतो आणि त्यात ताकद वाया जाते. अंग पुरेसं खोल असेल तर ही लाटांची अडवणूक जवळजवळ संपते. शिवाय सूर मारल्यावर आणि भिंतीला रेटा दिल्यावर शरीराचा जो वेग असतो तो हातांनी गाठता येणाऱ्या वेगापेक्षा जास्त असतो. तो वेग जितका टिकवता येईल तितका फायदा.

जपानच्या मासारू फुरुकावाने १९५६ मध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं ते बरंचसं अंतर पाण्याखालून कापून. लगेच ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्यावर बंदी आली. १९८८ मध्ये सोलला अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकच्या, म्हणजे पाठीवर पोहण्याच्या शर्यतीत सुरुवातीला ३० मीटरहून जास्त अंतर पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे) मारत जायचा. प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला, पण अंतिम शर्यतीत त्याच युक्तीने उतरलेल्या जपानच्या दाइची सुझुकीने त्याला हरवलं. फरक होता ०.१३ सेकंदांचा. त्यानंतर बॅकस्ट्रोकमध्ये आधी १० आणि मग १५ मीटरची मर्यादा आली. १९९६ मध्ये रशियाच्या डेनिस पांक्रातोवने हेच बटरफ्लायमध्ये केलं आणि १९९८ मध्ये बटरफ्लाय व फ्रीस्टाइललाही १५ मीटरची मर्यादा लागली. लेनच्या दोरीवर १५ मीटरला वेगळ्या रंगाची खूण असते ती याचसाठी.

मायकल फेल्प्सच्या शर्यती पुन्हा पाहा. भिंतीपासून निघाल्यावर तो किती उशिरा वर येतो ते मोजा. डॉल्फिन किकला ‘पाचवा प्रकार’ म्हणतात ते खोटं नाही.

लहान मुलांबद्दल मात्र कळकळीने सांगते: दम कोंडून पाण्याखाली जास्तीत जास्त अंतर जाण्याची पैज कधीच लावू देऊ नका. सरावलेली माणसंही त्यात बेशुद्ध होऊन बुडाली आहेत. कोच काठावर असेल तेव्हाच, आणि तेही तीन-चार किकपुरतं.

टर्नला एवढं महत्त्व का?

सातवीत असताना ५० मीटरच्या एका आंतरशालेय शर्यतीत २५ मीटरच्या भिंतीपर्यंत मी पुढे होते. मला शिकवलं होतं तसं हाताने भिंत धरली, वळले, पाय लावले. शेजारच्या लेनमधल्या मुलीने भिंतीजवळ कोलांटी घेतली, पायांनी रेटा दिला आणि ती बाणासारखी निघून गेली. मी तिला शेवटपर्यंत गाठू शकले नाही. त्या दिवशी मी घरी येऊन गादीवर कोलांट्या मारत बसले होते.

पूर्वी फ्रीस्टाइलमध्ये हाताने भिंतीला स्पर्श करणं सक्तीचं होतं. ती अट निघाल्यावर फ्लिप टर्न सर्रास झाला. बॅकस्ट्रोकमध्ये १९९१ पासून भिंतीजवळ पोटावर वळून कोलांटी घेता येते. दोन्ही बदलांनी प्रत्येक भिंतीमागे वेळ वाचला, आणि ५० मीटरच्या तलावात १५०० मीटरच्या शर्यतीत अशा २९ भिंती येतात. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये अजूनही दोन्ही हात एकदम टेकवावे लागतात. आपल्या मुलांची नावं सगळ्यांत जास्त बाद होतात ती तिथेच.

‘फास्ट’ तलाव म्हणजे काय? पाणी तर सगळीकडे सारखंच!

पाणी सारखं, पण लाटा सारख्या नसतात. उथळ तलावात लाट तळावर आदळून परत वर येते. कडेच्या भिंतीवरून उलटते. शेजारच्याची लाट आपल्या तोंडावर येते. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला पहिल्यांदा आखलेल्या लेनचा ५० मीटर तलाव मिळाला. १९६० च्या दशकात अ‍ॅडॉल्फ कीफर यांनी लाटा मोडणाऱ्या चकत्यांची लेनची दोरी आणली. ते स्वतः १९३६ चे बॅकस्ट्रोकचे ऑलिम्पिक विजेते. काठाशी पाणी ओसंडून बाहेर जाईल अशा पन्हळी आल्या, त्यामुळे लाट परतायची थांबली. २००८ च्या बीजिंगच्या तलावाची खोली ३ मीटर होती आणि कडेच्या दोन लेन मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या.

पॅरिसचा २०२४ चा तात्पुरता तलाव सुमारे २.१५ मीटर खोल होता आणि पहिले काही दिवस ‘तलाव स्लो आहे’ अशी सगळीकडे कुरकुर होती. पानचा ४६.४० त्याच पाण्यात झाला. तेव्हा तलावाला दोष देताना जरा थांबावं.

(एका आजोबांनी विचारलं होतं, वाहत्या पाण्यात सराव करू द्यावा का. बडोद्यात याचं उत्तर एका शब्दात आहे: विश्वामित्री. मगरी आहेत तिथे. तलावच बरा.)

गॉगलने वेग वाढतो का?

थेट नाही, पण मला विचाराल तर गॉगलने या खेळाला जेवढं दिलं तेवढं फार थोड्या वस्तूंनी दिलं असेल. गर्ट्रूड एडर्लीने १९२६ मध्ये इंग्लिश खाडी पोहताना गॉगलच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या. तिला १५ तासांहून कमी वेळ लागला, तोवरच्या प्रत्येक पुरुषापेक्षा कमी. तलावातल्या शर्यतीत मात्र ऑलिम्पिकला गॉगल आला तो १९७६ मध्ये. त्याआधी क्लोरिनने डोळे लाल होऊन सराव अर्धवट सोडावा लागे. गॉगल आल्यावर दिवसाला कितीतरी जास्त अंतर पोहणं शक्य झालं, आणि वेग त्या सरावातून आला.

त्या ‘बंदी घातलेल्या’ पोशाखांचं प्रकरण काय होतं?

हा प्रश्न बाबालोकांचा आवडता.

सुरुवातीला लोकरीचे कपडे असत. लोकर पाणी पिते आणि जड होते. मग रेशीम, नायलॉन, लायक्रा असा प्रवास झाला. १९१२ मध्ये महिलांची १०० मीटर फ्रीस्टाइल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकने ती जिंकली १ मिनिट २२.२ सेकंदांत, म्हणजे अगदी हायोशच्याच वेळेत. २०१७ मध्ये स्वीडनच्या सारा शोस्ट्रमने हेच अंतर ५१.७१ सेकंदांत कापलं. मुलींना पाण्यात मोकळं उतरू देण्याचाही त्यात मोठा वाटा आहे असं मी मानते.

२००० च्या सुमारास अंगभर पोशाख आले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर. शिवणीऐवजी कडा वितळवून जोडलेल्या, अंगावर पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) पट्टे, कापडाच्या चाचण्या नासाच्या प्रयोगशाळेत झालेल्या. तो इतका घट्ट होता की चढवायला वीस-पंचवीस मिनिटं लागत. तो अंग आवळून गुळगुळीत करायचा आणि शरीर पाण्यात थोडं वर ठेवायचा. वरचा ओंडका आठवा: पोशाखाने तेच काम फुकटात करून दिलं. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २५ विश्वविक्रम झाले. २००९ मध्ये इतर कंपन्यांनी पूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख काढले आणि रोमच्या जागतिक स्पर्धेत एका आठवड्यात ४३ विश्वविक्रम पडले. तिथेच जर्मनीच्या पॉल बीडरमनने २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये फेल्प्सला हरवलं, १ मिनिट ४२.०० सेकंदांत. पोशाखाने फरक पडतो हे त्याने स्वतःच कबूल केलं. १ जानेवारी २०१० पासून फक्त विणलेलं कापड, पुरुषांना बेंबी ते गुडघा, महिलांना खांदा ते गुडघा असा नियम झाला.

पोशाख काढल्यावर काय झालं ते जास्त शिकण्यासारखं आहे. बीडरमनचा ४०० मीटरचा ३:४०.०७ हा विक्रम २०२५ पर्यंत टिकला. ब्राझीलच्या सीझर सिएलोचा १०० मीटरचा २००९ मधला ४६.९१ पडायला २०२२ उजाडलं, आणि तो पाडला रोमानियाच्या १७ वर्षांच्या डेव्हिड पोपोविचीने, त्याच रोमच्या तलावात, साध्या कापडी जॅमरमध्ये (गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत). पोशाखाने जे एका रात्रीत दिलं ते माणसांनी तंत्राने परत मिळवायला तेरा वर्षं घेतली. पण मिळवलं.

मग माझ्या मुलासाठी महागडा रेसिंग सूट घ्यावा का?

नको. तो काही शर्यतींनंतर सैल पडतो, आणि दहा वर्षांच्या मुलाचा टर्न सुधारला की त्याहून कितीतरी जास्त वेळ वाचतो. त्या पैशात चांगला गॉगल आणि वर्षभराची फी बघा.

आताच्या स्टार्टिंग ब्लॉकवर मागे पाचरीसारखं काय असतं?

मागच्या पायाला रेटा द्यायची तिरकी फळी. धावपटू ब्लॉकमधून निघतो तसं निघता येतं. ऑलिम्पिकला ती पहिल्यांदा २०१२ मध्ये लंडनला आली. बॅकस्ट्रोकवाल्यांचे पाय घसरू नयेत म्हणून पाण्यात सोडायची पट्टी २०१६ ला रिओमध्ये आली. सूर मारताना हात, डोकं, कंबर, पाय सगळं एकाच भोकातून पाण्यात शिरावं, हे मात्र फळी असो वा नसो, शिकावंच लागतं.

शतांश सेकंदाने हार-जीत ठरते. ते खरंच मोजता येतं?

१९६० मध्ये रोमला १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये घड्याळवाल्यांच्या हिशेबाने लान्स लार्सन पुढे होता, पण पंचांच्या नजरेला जॉन डेविट पुढे दिसला आणि सुवर्ण डेविटला गेलं. ती चूक लोकांना इतकी लागली की पुढे भिंतीवर टचपॅड आले. १९६८ मध्ये मेक्सिकोला ते ऑलिम्पिकमध्ये दिसले. १९७२ मध्ये म्युनिकला ४०० मीटर मिडलेचा (चारही प्रकार एकापाठोपाठ पोहण्याच्या शर्यतीचा) निकाल ०.००२ सेकंदाने लागला. एवढ्या वेळात पोहणारा काही मिलिमीटरच पुढे जातो, आणि लेनची लांबी तेवढी तंतोतंत बांधणंच शक्य नाही. म्हणून नंतर शतांशावर थांबायचं ठरलं. बरोबरी झाली तर दोघांना पदक.

आपल्या मनाला लागलेला शतांश म्हणजे कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचा. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं होतं, खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यानंतर २४ वर्षांनी. २०१८ मध्ये जकार्ताला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तो चौथा आला, ०.०१ सेकंदाने. मुलं शेवटच्या दोन मीटरांत श्वास घ्यायला मान वळवतात तेव्हा मी त्यांना हीच शर्यत सांगते.

आता पुढे काय? यंत्रंच शिकवणार का?

काही प्रमाणात शिकवू लागलीच आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असताना केन ओनो यांनी पोहणाऱ्यांच्या अंगाला सेन्सर लावून प्रत्येक हातामागे वेग कुठे वाढतो आणि कुठे मरतो ते मोजलं. त्यांच्यासोबत काम केलेली केट डग्लस पॅरिसला २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची विजेती ठरली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन मॅकेव्हॉयने मैलोन्‌मैल पोहण्याचा जुना सराव सोडला. जिममध्ये ताकद आणि पाण्यात थोडं पण पूर्ण वेगाचं पोहणं, असा मार्ग धरून तो पॅरिसला ५० मीटर जिंकला. ही पद्धत ३० वर्षांच्या स्प्रिंटरची आहे, तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीची नाही.

आम्ही मोबाइलवर शूटिंग केलं तर उपयोग होईल?

खूप. काउन्सिलमन यांना जे करायला पाण्याखाली कॅमेरे लावावे लागले, त्यातलं पुष्कळसं आज तुमच्या खिशात आहे. आधी तलावावरच्या माणसांना आणि कोचला विचारा, आणि दुसऱ्यांची मुलं चित्रात येऊ देऊ नका. काठावर मुलाच्या बरोबरीने चालत बाजूने घ्या, समोरून नको. मग घरी स्लो मोशनमध्ये तीनच गोष्टी बघा: श्वास घेताना डोकं वर उचललं जातं की नुसतं वळतं, टाचा पाण्याच्या पातळीला आहेत की खाली लोंबतात, आणि भिंतीपासून निघाल्यावर पहिला हात कधी मारला. टाचा लोंबत असतील तर मला सकाळी सहाच्या बॅचला येऊन दाखवा. बहुतेक वेळा दोष पायात नसतो, मानेत असतो.